आतून आलेलं पाणी

बाबा,

काल मी पुन्हा एका गाडीचं छप्पर बघत उभी राहिले. आमच्या नवीन पनवेलच्या इमारतीत तळमजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. दोघांची नोकरी कॉम्प्युटरवरची, कुठेही बसून करता येण्यासारखी. त्यांनी एक मोठी व्हॅन घेतली आहे आणि तिच्यात घर थाटलं आहे. "काकू, अख्खा हिवाळा आम्ही हिच्यातच काढणार, वर हिमाचलात," असं सांगत त्या मुलीने मला हाताला धरून आत नेलं. पलंग दाखवला, ओटा दाखवला, खिडक्यांचे जाड पडदे सरकवून दाखवले. मी तोंडाने छान छान म्हणत होते आणि डोळे मात्र वर. छपराच्या मधोमध एक चौकोनी झरोका होता, त्यात छोटा पंखा बसवलेला. "हा कशाला गं?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नाही. ती म्हणाली, "आपल्या श्वासाचं पाणी होतं ना काकू, ते बाहेर जायला. नाहीतर आत सगळं ओलं होतं." शाळेत पहिलीला शिकवतात इतक्या सहज म्हणाली. मी घरी आले, चहा ठेवला, तो उतू गेला तरी समोरच उभी होते. तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते आहे, म्हणून शेवटी लिहायला बसले.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझी ही खोड आईची. तिला दमा होता. पावसाळा ती कसाबसा काढायची, तिचा खरा वैरी हिवाळा. दिवाळी सरली की खाडीच्या अंगाला वीटभट्ट्या पेटायच्या, त्यात खाणींची धूळ, आणि उन्हं उतरली की तो धूर गार होऊन आपल्या आळीत खाली बसायचा. मग आईला आडवं होता येत नसे. भिंतीला लोड लावून ती बसल्या बसल्या डोळे मिटायची, आणि तिच्या छातीतली शिट्टी आपल्याला स्वयंपाकघरात ऐकू यायची. नव्वद साल उजाडण्याच्या आसपासचा तो हिवाळा तिने घरी कमी आणि दवाखान्यात जास्त काढला. डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वर्षी दिवाळी ते होळी हिला इथे ठेवू नका, घाटावर कोरड्या हवेत न्या, असा आणखी एक हिवाळा ही काढेल असं मला वाटत नाही. मी तेव्हा बारावी होऊन घरीच होते. तुम्ही बाहेर येऊन माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "बाय, आईला काय सांगू नको." आईने सगळं ऐकलं होतं. तिला ऐकू येणार नाही असं बोलणं तुम्हाला कधी जमलंच नाही, आवाजच तसा होता तुमचा, पत्रे ठोकून ठोकून मोठा झालेला.

मग तुम्ही खोल्या शोधायला निघालात, वाईला, पाचगणीला. आईला बरोबर नेलंत, तिथेच फसलं. मालक खोली दाखवायचा, आई जिना चढून वर यायची आणि खोकायची, आणि ती खोली एकदम त्याच्या भावाच्या मुलासाठी राखून ठेवलेली निघायची. दमा म्हटलं तरी लोकांना टीबीच ऐकू यायचा. परतीच्या एस्टीत आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो. माझ्यापायी तुमी किती दारं वाजवणार?" तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधून आलात, हातपाय धुतलेत, ताटावर बसलात आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणालात, "आपलंच दार संगती नेऊ."

गॅरेजच्या मागे ती मिनीबस पडून होती. तळोज्याच्या कुठल्याशा कारखान्याची माणसं नेणारी, कितीतरी पावसाळे उघड्यावर काढलेली, खिडकीतून वेल आत शिरून टपावरून बाहेर आलेला. गॅरेजच्या शेठला मागची जागा मोकळी हवी होती. ते म्हणाले, चालू करून दाखव आणि घेऊन जा. तुम्ही आयुष्यभर गाड्यांच्या बॉड्या बांधल्यात, ट्रकचे हौदे, टेंपोची छपरं, शाळेच्या बस. तुमच्या हातची गाडी गळत नाही, हे पनवेलपासून पेणपर्यंत ड्रायव्हर लोक सांगायचे, आणि त्याचा तुम्हाला जरा जास्तच अभिमान होता. आपल्याकडच्या पावसात न गळणारी गाडी बांधायची म्हणजे काय गंमत नव्हे. पहिल्या आंघोळीला तुम्ही नव्या गाडीवर पाइपाने पाणी मारायचात, आत जाऊन बसायचात आणि एका थेंबासाठी गॅरेजच्या पोरांना शिव्या घालायचात. त्या दिवशी घरी सगळे दबकून असायचे.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत तुम्ही गॅरेजचं काम आटोपून मग मिनीबसला लागायचात, आणि रविवार तर सबंध तिचाच. मला आजही तो वास येतो, फेव्हिकॉल, डांबर आणि सीटकव्हर शिवणाऱ्या चाचांच्या रेक्झीनचा. सीटा उपटून काढल्यात. मागच्या बाजूला आईचा पलंग, डोक्याकडून उचललेला, कारण तिला सपाट झोपवत नसे. पुढे ओटा, त्याखाली पिंप, पिंपाला नळ. भांड्यांच्या फडताळाला कड्या, घाटात वळण आलं की ताटल्या अंगावर येऊ नयेत म्हणून. आई दुपारी चहा घेऊन गॅरेजमध्ये यायची आणि खुर्ची टाकून मिनीबसच्या दाराशीच बसायची. तिने तिची सगळी जुनी नऊवारी लुगडी काढली होती. खिडकीच्या मापाच्या गोधड्या ती शिवत होती, एकेका खिडकीला एकेक, वर अडकवायला बंद. चाचा शेजारीच मशीन घेऊन बसलेले. ते म्हणायचे, "भाभी, द्या इकडे, मशीनवर घटकाभरात होईल." आई म्हणायची, "तुमचं मशीन सरळ जातं चाचा. गोधडी अशी सरळ शिवली तर ऊब राहत नाय." हे खरं का खोटं देव जाणे, पण चाचांनी नंतर कधी मागितली नाही. देव्हारा कुठे बसवायचा यावरून तुमचं दोघांचं भांडण झालं. तुम्ही म्हणालात, स्क्रू मारून टाकू. आई खवळली, "माझ्या बाळकृष्णाला स्क्रू मारताय?" मग तुम्ही पितळेची पट्टी वाकवून देवांना पुढून आडोसा केलात आणि आईने तीन वेळा गाडी हलवायला लावून खात्री करून घेतली. आळीतले लोक येऊन बघून जायचे. कोणी म्हणायचं सर्कशीत चाललात काय, कोणी म्हणायचं वरात कधी. आपण राहायचो त्या काकांच्या घरात एका चुलीवर दोन जावांचा स्वयंपाक असायचा, आणि आईला त्या मिनीबसमधला हातभर ओटा म्हणजे राज्य मिळाल्यासारखं झालं होतं. ती त्याच्यावरून नुसता हात फिरवत राहायची.

आणि थंडी. थंडी म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक तरी कुठे होतं बाबा? पनवेलकराला स्वेटर लग्नात मिळतो आणि पेटीत कसर लागून जातो. आपला सगळ्यांचा शत्रू एकच, वरून येणारं पाणी. तुम्ही थंडीलाही पाऊसच समजलात. जिथून पाणी शिरेल तिथून थंडी शिरणार, म्हणून सगळं बंद. पत्र्याच्या प्रत्येक सांध्यात पुट्टी भरली, वर डांबर, दाराला दुहेरी रबर, पत्र्याला आतून थर्माकोल, त्यावर प्लाय, त्यावर रेक्झीन. एक दिवस चाचा वर बघत म्हणाले, "मिस्तरी, टपाला एखादी जाळी ठेवा. भाभीला दमा हाय, हवा खेळली पायजे." तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. "छपराला भोक? चाचा, जन्मभर मी लोकांच्या छपराची भोकं बुजवली. आता माझ्याच बायकोच्या डोक्यावर पाडू?" सगळे हसले. चाचाही हसले, "ते पण खरंच," म्हणाले आणि मशीनला लागले. मीही हसले. तुमचा किती अभिमान वाटला होता मला त्या क्षणी.

भाऊबीज झाल्यावर आपण निघालो. खोपोलीचा घाट तुम्ही पहिल्या गिअरमध्ये चढवलात आणि मागून ट्रकवाले शिव्या देत होते. आई पलंगावर बसून खिडकीतून खाली बघत होती. वर लोणावळ्याची हवा आत आली तेव्हा तिने पदर डोक्यावरून खाली घेतला आणि म्हणाली, "ही कसली हवा गो, प्यावीशी वाटते." पाचगणीच्या अलीकडे एका स्ट्रॉबेरीवाल्याचं शेत होतं, त्याच्या पिकअपची बॉडी तुम्ही बांधलेली. त्याने बांधाला, सिल्वर ओकच्या रांगेखाली गाडी लावायला दिली, विहिरीचं पाणी दिलं आणि वर म्हणाला, "ऱ्हावा की निवांत, आमाला बी सोबत." पहिले आठवडे किती चांगले गेले. दिवसभर दार उघडं, खिडक्या उघड्या, आई उन्हात बसून शेतकऱ्याच्या बायकोबरोबर स्ट्रॉबेरी निवडते आहे, तुम्ही पंचक्रोशीतल्या ट्रॉल्यांचे पत्रे ठोकून देता आहात, आणि मी त्या हातभर ओट्यावर भाकऱ्या थापते आहे. एका दुपारी मी आत आले तर आई आडवी झोपलेली. उशा बाजूला सारून, सपाट, तोंड जरा उघडं, आणि छातीत आवाज नाही. मी तुम्हाला बोलवायला धावले. आपण दोघं पायरीवर उभे राहून तिच्याकडे बघत होतो, देवळात बघावं तसे. तुम्ही कुजबुजलात, म्हणजे तुमच्या मानाने कुजबुजलात, "झोपलीय गो." तिने डोळे न उघडता म्हटलं, "झोपू द्याल तर."

पौष लागला तशी थंडी खरी सुरू झाली. दिवस मावळला की आपण दार लावायचो, खिडक्यांना आईच्या गोधड्या बांधायचो, आणि आतच स्टोवर स्वयंपाक. ऊब इतकी छान यायची की तुम्ही प्लायवर थाप मारून म्हणायचात, "बघा, आत काय येतंय काय?" काहीच येत नव्हतं. आणि काही जातही नव्हतं, ते आपल्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. एका सकाळी मी उठले तर छपराच्या रेक्झीनवर थेंब. दुसऱ्या दिवशी आईच्या पांघरुणावर पडलेले. तुम्हाला तो अपमान वाटला. तुमची गाडी गळते! शिडी लावून, डांबराचा डबा घेऊन तुम्ही टपावर चढलात. मला ते दृश्य विसरता येत नाही. डोक्यावर निळंभोर कोरडं आभाळ, दसऱ्यापासून थेंब पडलेला नाही, आणि तुम्ही गुडघ्यांवर बसून बोटाने सांधा न् सांधा चाचपता आहात, पाणी कुठून शिरतं ते शोधता आहात. शेतकऱ्याची बायको डोक्यावर पाटी घेऊन थांबली. "का वो दादा, पाऊस हाय कुठं?" तुम्ही आणखी एक थर डांबर चढवलंत, दाराला आणखी एक रबर लावलंत. जितकं पाणी आत दिसायचं तितकी तुम्ही गाडी आणखी बंद करत गेलात. आणि आई पुन्हा लोडाला टेकून बसू लागली. तिची शिट्टी परत आली. आपण म्हणालो थंडी आहे, थंडीने होतं.

मग त्या सकाळी पलंगामागचं रेक्झीन फुगलेलं दिसलं, म्हणून तुम्ही कोपरा उचकटलात. आत थर्माकोलच्या मागे पत्रा घामेजलेला होता आणि प्लाय काळं होतं, बुरशीने. वास आला. तुम्ही आणखी उचकटलंत, सगळीकडे तेच. आईच्या डोक्यामागे, जिथे ती टेकून श्वास घ्यायची, तिथे सगळ्यात जास्त. खिडकीवरची गोधडी पिळली तर पाणी निघालं. तुम्ही ओट्याला धरून खाली बसलात. आई म्हणाली, "अवो, बाहेरून नाय आलं ते. आपलंच हाय. आपण तिघं आत सोडतो ते जाणार कुठं?" तिला कधीपासून कळलं होतं, मला माहीत नाही. ती बोलली असती तर तुमचं मन मोडलं असतं, म्हणून बोलली नसेल. तुम्ही छिन्नी आणि हातोडी घेतलीत आणि टपावर चढून छपराला भोक पाडलंत. पत्रा फाटताना होणारा तो आवाज आणि मधेच थांबून तुम्ही घेतलेला हुंदका, दोन्ही मला खाली ऐकू आले. आई वर बघत होती. भोकातून ऊन तिच्या मांडीवर पडलं तर तिने तिथे हात ठेवला आणि वर ओरडून म्हणाली, "बस झालं, आता खाली या, चहा गार होतोय." आपण रेक्झीन फाडलं, प्लाय काढलं, बांधावर नेऊन जाळलं. गोधड्या वाळत घातल्या. त्यांतल्या दोन वाळल्याच नाहीत, त्याही जाळाव्या लागल्या. तेव्हा मात्र आई रडली.

महिनाभराने, माघात, वाईच्या दवाखान्यात ती आपल्याला सोडून गेली. एका दुपारी, तुम्ही औषध आणायला गेला असताना. शेवटी तिने मला विचारलं ते एवढंच, "गाडीचं दार नीट लावलंय ना?" कृष्णेच्या काठी तिला निरोप दिला आणि आपण दोघं ती मिनीबस घेऊन पनवेलला परत आलो. उतरताना घाटात फडताळातली ताटली वाजत होती आणि तुम्ही आरशातून मागच्या रिकाम्या पलंगाकडे बघत होतात. मी म्हटलं, बाबा, पुढे बघा.

त्यानंतरच्या तुमच्या कामाबद्दल लोक हसायचे. टेंपो असो, शाळेची बस असो, ट्रकची केबिन असो, तुम्ही टपाला जाळी ठेवल्याशिवाय गाडी सोडत नव्हतात. गिऱ्हाईक भांडायचं, आपल्या पावसात टपाला भोक कशाला? तुम्ही म्हणायचात, "गळली तर फुकट करून देईन. पण जाळी ऱ्हाणार." काही लोक गाडी ताब्यात घेतल्यावर जाळी बुजवून टाकायचे. तुम्हाला ते कळलं की दोन दिवस जेवण जायचं नाही. चाचांनी एकदा समजावलं, तर तुम्ही त्यांच्यावरच ओरडलात की तेव्हा हट्ट का धरला नाहीस. चाचा बिचारे मान खाली घालून शिवत राहिले.

आणि दरवर्षी आईच्या श्राद्धाला, पान वाढून झालं, कावळा शिवून गेला की तुम्ही मला विचारायचात. "बाय, गाडी बांधली नसती तर जगली असती का गो?" मी म्हणायचे, नाही बाबा. तिची छाती आधीच गेली होती, डॉक्टर म्हणालेच होते, आणि ती तिथे झोपली होती ना सपाट, आठवतं ना? तुम्ही मान हलवायचात. वर्षभर तेवढ्यावर तुमचं चालायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तुम्ही स्वतः अंथरुणाला खिळलात तेव्हा श्राद्धाची वाट न बघता विचारलंत, मधेच, औषधाची गोळी हातात धरून. मी नाही म्हटलं. तुम्ही गोळी गिळलीत आणि त्या आठवड्यातच गेलात. माझ्या त्या उत्तरावर विसंबून गेलात असं मला वाटतं, आणि त्याचं मला बरंही वाटतं.

पण बाबा, मी इतकी वर्षं छातीच्या डॉक्टरांकडेच कामाला आहे. नंबर लावते, फायली काढते, म्हाताऱ्या बायकांना दम्याचा पंप कसा ओढायचा ते दाखवते. डॉक्टर चांगले आहेत, दुपारी डबा खाताना काहीही विचारावं, समजावून सांगतात. बुरशी आणि दमा यांच्यावर ते पेशंटना बोलतात तेव्हा मी फाइल ठेवायचं निमित्त करून बाहेर जाते. एकदा धीर करून त्यांच्या टेबलापर्यंत गेले होते. "काय?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पंखा वाढवू का?"

मी तुम्हाला नाही म्हणत होते, तेव्हा मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. एका माणसाला विचारलं की कळेल, आणि तो माणूस माझ्यापासून एका दाराच्या अंतरावर बसतो. पण मी विचारणार नाही. त्याने हो म्हटलं, तर पुढच्या श्राद्धाला तुम्ही विचाराल तेव्हा मी काय सांगू?